सांदवाडीतली बोअर

१

पुनम निकुरे सावरटोल्याला पहिल्यांदा गेली, तेव्हा हे काम आठवडाभरात उरकेल असंच धरून चालली होती. जमिनीत मुरलेलं तेल शोधणं हा तिचा रोजचा धंदा. कुठे खाणीच्या वर्कशॉपमागे, कुठे बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात ती बोअर मारून घ्यायची, माती आणि पाण्याचे नमुने बाटल्यांत भरायची, बर्फाच्या पेटीत घालून चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत पोचवायची. तेल कुठून निघालं आणि कुठवर गेलं, एवढं सांगता आलं की तिचं काम संपलं.

इथलं तर सरळच दिसत होतं. पोंभुर्ण्याहून जंगलाच्या अंगाने जाणाऱ्या रस्त्यावर एक पेट्रोल पंप. त्याची जमिनीतली डिझेलची टाकी खालून गंजून फुटली होती. मालकाच्या ते लक्षात येईपर्यंत, किंवा लक्षात येऊनही त्याने तोंड उघडेपर्यंत, अख्खा पावसाळा उलटला होता. आता पंपाला कुलूप होतं आणि टाकी खणून बाहेर काढून ठेवली होती. बुडाला करंगळी जाईल एवढं भोक. पंपाच्या खालच्या अंगाला तलाव, वरच्या अंगाला टेकाडावर गाव. पाणी उताराने जातं, तेल पाण्यावर तरंगत जातं. तेव्हा तेल तलावाकडेच गेलेलं असणार. तक्रारही तलावावरूनच आली होती. गावातली निम्मी घरं मासेमारीवर जगत होती आणि बाजारात कुणी त्यांच्या रोहूला वास घेतल्याशिवाय हात लावत नव्हतं.

मासेमारांच्या सोसायटीचा अध्यक्ष मनसाराम पंपाच्या आवारात वाट पाहत उभा होता. उंच, वाळलेला, साठीला टेकलेला माणूस, खांद्यावर दुपट्टा.

"तुमीच का जी तपासनीवाल्या बाई?" त्याने विचारलं. "मले वाटला कोनी मिशीवाला सायब येईल."

"मिशी घरी ठेवून आले, भाऊ," पुनम म्हणाली.

तो खळखळून हसला आणि पुढचे सगळे दिवस तिच्यासोबत राहिला. दुपारी जेवायला आपल्या घरी न्यायचा. घर टेकाडाच्या माथ्यावर, गावातलं सगळ्यात उंच. त्याची बायको गिरजाबाई भात, आंबाडीची भाजी आणि सुक्या माशाची चटणी वाढायची. लेकरूबाळ नव्हतं. दोघं नवरा-बायको दिवसभर एकमेकांच्या खोड्या काढायची, आणि त्यांच्या अंगणातल्या विहिरीवर सकाळ-संध्याकाळ अर्ध्या गावाच्या बाया गुंड-घागरी घेऊन यायच्या. पंपाला अगदी खेटून असलेल्या विहिरींना वास यायला लागल्यापासून गावाला भरवशाचं पाणी तेवढंच उरलं होतं.

"पानी इथचाच प्या बाई," गिरजाबाईने पहिल्याच दिवशी बजावलं. "बाकी कुठीचा पिऊ नोका."

पुनम पाणी प्यायली. थंड होतं, किंचित गोडसर. उन्हाने भाजून आल्यावर असं पाणी पोटात उतरताना कळतं.

२

तलावाकडच्या उतारावर मारलेल्या बोअर कोरड्या ठणठणीत निघाल्या. तेलाच्या बाबतीत म्हणायचं तर. पाणी लागलं, पण स्वच्छ. माती हुंगली तर मातीसारखी. पुनमला नवल वाटलं, पण वाईट वाटलं नाही. तलाव वाचला म्हणून मनसारामने विडी पेटवली.

मग तेल गेलं कुठे?

पंपाच्या दोन्ही बाजू झाल्या, तिथेही काही नाही. शेवटी, केवळ कागदावर वर्तुळ पुरं व्हावं म्हणून तिने गावाकडच्या चढावर एक बोअर घ्यायला लावली. मशीनने पाइप वर काढला, तेव्हा त्यातला मुरूम काळपट ओला होता आणि डिझेलचा भपकारा असा आला की मशीनवाला मागे सरकला.

पुनमने उताराची मोजणी पुन्हा करून घेतली. भूजलाची पातळी पुन्हा काढली. पाणी तलावाकडेच उतरत होतं, त्यात शंका नव्हती. तेल मात्र पाण्याच्या उलट दिशेने, चढाला, गावाकडे गेलं होतं.

तिने निकेशसरांना फोन लावला. ते प्रयोगशाळेचे मुख्य. चांगले होते, पण कायम घाईत.

"बाटल्यांवरचे नंबर उलटसुलट लावले असशील."

"सर, मी समोर उभी होते."

"मग खडकात भेग असेल. नाहीतर जुनं खाणकाम असेल खाली. आपल्या जिल्ह्यात कुठे पोकळी नाही ते सांग."

हे पटण्यासारखं होतं. चंद्रपुरात जमिनीखाली काय काय पोखरलेलं असतं, ते तिला चांगलं माहीत होतं. भेगेतून तेल कुठेही जाईल. तिने मान हलवली, फोन ठेवला आणि स्वतःला तेच दोनदा बजावलं. भेग असेल.

३

चढावर आणखी वर मारलेली बोअर स्वच्छ लागली. त्यामुळे तिला हायसं वाटलं. तेल कुठवर गेलं, ती सीमा सापडली होती.

पुढच्या फेरीला आली तर त्या बोअरमध्ये तेल होतं.

तिच्याकडे एक लांब मोजपट्टी होती, टोकाला सेन्सर लावलेली. बोअरच्या पाइपात ती सोडली की पाण्याला टेकताच वर यंत्र थांबून थांबून टिकटिकायचं, आणि तेलाचा थर लागला की सलग एकच सूर धरायचं. आता ते यंत्र रडणाऱ्या पोरासारखं एका सुरात वाजत होतं. तिने आणखी वर बोअर घेतली. तीही आधी स्वच्छ निघाली. तिच्यातही काही दिवसांनी तेल आलं. प्रत्येक वेळी तेच. जिथवर तिने बोअर नेली नव्हती, तिथवर तेल पोचलेलं नसायचं. तिने नेली की यायचं.

हत्यारांना चिकटून आपणच तेल नेतोय का, ही शंका तिला आधी आली. असं होतं, हलगर्जी माणसांच्या हातून नेहमी होतं. म्हणून ती प्रत्येक पाइप साबणाने धुवून घेऊ लागली. मोजपट्टी नवी मागवली. हातमोजे दर वेळी बदलले. उपयोग शून्य.

त्या दिवशी दुपार अशी होती की गावातलं कुत्रंही सावली सोडत नव्हतं. पुनम उकिडवी बसून पट्टी पाइपात सोडत होती. यंत्राने सूर धरला. ती आकडा वाचणार, तेवढ्यात खालून पट्टीला ओढ बसली.

हलकीच. कुणी आपला पदर चिमटीत धरून खेचावा तशी.

तिने पट्टी वर ओढली; सैल आली. पुन्हा सोडली. पुन्हा तशीच ओढ. पाइप इतका अरुंद होता की त्यात मूठही शिरली नसती. पट्टी कुठेतरी सांध्यात अडकत असेल, असं तिने ठरवलं. तरी तिने मनसारामला हाक मारली.

"भाऊ, जरा धरून पाहा बरं."

मनसारामने गरीची दोरी धरावी तशी पट्टी दोन बोटांत घेतली आणि डोळे मिटले. सुरुवातीला त्याच्या तोंडावर थट्टा होती. मग ती गेली. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. मग त्याने पट्टी तिच्या हातात दिली आणि बोटं दुपट्ट्याला पुसली. पुसतच राहिला.

"काय भाऊ?"

"काई नाई."

जेवायला जाताना चढावर तो आपणहून बोलला. "बाई, गरीले मासा लागला का झटका मारते. मंग पयते. मासा थांबून नाई राहत."

"आणि हे?"

"हे थांबून होता," मनसाराम म्हणाला. "आपून काय करतो ते पाहून राह्यला असन तसा."

पुनम हसली, कारण हसायला हवं होतं. तो हसला नाही.

४

निकेशसरांचा आग्रह वाढला होता. अहवाल पुरा करायचा तर तुलनेसाठी शुद्ध पाण्याची एक बोअर लागते. तेल जिथे पोचूच शकत नाही अशा जागी. म्हणजे सगळ्यात उंचावर, म्हणजे मनसारामच्या घरामागच्या परसात, तिकडच्या भाषेत सांदवाडीत.

पुनमने पहिल्यांदाच टाळाटाळ केली. तिथे नको, असं फोनवर सांगून पाहिलं. का नको, ते मात्र तिला सांगता येईना. उगाच आढेवेढे घेणारं माणूस तिला स्वतःलाही आवडत नसे. भूजलशास्त्र शिकलेल्या बाईने, तेल माझ्या मागून येतंय, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

गिरजाबाई मात्र सरळ म्हणाली. "माया सांदवाडीत खड्डा काऊन करता बाई? माया पानी चांगला हाय."

"चांगलं आहे म्हणूनच, मावशी. ते चांगलं आहे, असं कागदावर आलं की पंपवाल्याला बाकीच्या विहिरींची भरपाई चुकवता येणार नाही."

गिरजाबाई नवऱ्याकडे पाहत राहिली. मनसाराम भिंतीला टेकून जाळ्याची भोकं सांधत होता. त्या दुपारनंतर तो बोअरकडे फिरकला नव्हता. त्याने मान वर केली नाही. "करू दे व," एवढंच म्हणाला. "त्या काय आपल्या वाईटासाठी करून राह्यल्या का?"

"करा मंग," गिरजाबाई म्हणाली. "पन झाकन घट लावजा."

बोअर झाली. पाणी स्वच्छ लागलं, तसंच थंड, गोडसर. पुनमने पाइपावर झाकण लावलं, पान्याने आवळलं, वर कुलूप घातलं. चंद्रपूरला परतताना जीपमध्ये ड्रायव्हर विनोद रेडिओ लावून गुणगुणत होता आणि ती, काही होणार नाही, काही होणार नाही, असं मनात घोकत होती. लहानपणी परीक्षेच्या निकालाआधी घोकायची तसं.

पुढच्या फेरीला तिने कुलूप काढलं, तेव्हा पट्टी सोडायची गरजच पडली नाही. झाकण उघडताच वास आला.

५

विहिरीत तेल दिसायला वेळ लागला नाही. आधी पाण्यावर मोरपिसासारखे रंग फिरले. मग सकाळी घागर भरून ठेवली की वर तवंग धरू लागला. बाया विहिरीवर येत, वाकून पाहत आणि रिकामी भांडी कमरेवर घेऊन परत जात. दोन दिवसांआड पाण्याचा टँकर येऊ लागला. त्याच्यावर जी भांडणं व्हायची, ती पुनमला पार टेकाडावरून ऐकू येत.

गिरजाबाईने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुनम तिच्यासमोर पायरीवर बसली आणि कसंबसं म्हणाली, "माझ्यामुळे झालं, मावशी."

"नाई जी. तुमी तं आमच्यासाठीच करून राह्यल्या होत्या." गिरजाबाईने तिच्यापुढे टँकरचं पाणी ठेवलं. त्याला रबराच्या पाइपाचा वास होता. "प्या. ऊन लय हाय."

पुनम ते पाणी प्यायली. खाली मान घालून प्यायली.

निघताना तिने मनसारामला बाजूला घेतलं. विहीर उपसायची म्हणून तो इंजिन आणणार आहे, असं तिच्या कानावर आलं होतं. "उपसा, भाऊ. पण आत उतरू नका. कुणालाच उतरू देऊ नका. खाली डिझेलची वाफ साचते, हवा मरते. माणसाला कळतही नाही."

"नाई उतरत," तो म्हणाला.

"शप्पथ?"

"नाई उतरत म्हनलो ना बाई." त्याचं लक्ष विहिरीकडे होतं. "पन एक सांगा. त्या वाफेनं आवाज येते का?"

"कसला आवाज?"

तो विहिरीच्या कठड्याकडे चालू लागला. विनोदने हॉर्न वाजवला, आणि पुनम त्याला तसाच सोडून जीपमध्ये बसली.

६

पुढच्या वेळी जीप टेकाडावर चढली तेव्हा अंगणात माणसं दिसली. इंजिन बंद होतं. विहीर अर्धीअधिक उपसून झाली होती. तोंडाशी शेजारचा लटारू जाडजूड दोर कमरेला वेढून उभा होता आणि गिरजाबाई कठड्यावर ओणवी होऊन आत बोलत होती.

पुनम धावत सुटली. "कोण उतरलंय?"

"मनसारामभाऊ," लटारू म्हणाला. "गाळ काहाडतो म्हने. आमी नाई म्हनून राह्यलो होतो, आयकतेच कुठी!"

"किती वेळ झाला?"

"झाला बापा. लय येळ झाला. पन बरा हाय, बोलून राह्यला."

आणि खरंच, खालून मनसारामचा आवाज आला.

"पानी साफ हाय."

पुनमने आत डोकावलं. बाहेर उन्हाचा असा लखलखाट की आत पाहिल्यावर डोळ्यांपुढे नुसता काळोख आला. डिझेलच्या वासाने घशात आग झाली. "भाऊ! वर या! ताबडतोब वर या!"

"येतो, येतो," आवाज म्हणाला. शांत, पोट भरून जेवलेल्या माणसासारखा. "गिरजाले पाठव."

"मले काऊन बोलावता जी?" गिरजाबाई म्हणाली.

"दाखवाचा हाय. ये ना."

विहिरीच्या आतल्या बाजूने लोखंडी पायऱ्या होत्या. गिरजाबाईने पदर खोचला आणि कठड्यावर पाय टाकला. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने ये म्हटल्यावर ती जशी उठून गेली असेल तशीच, काही विचार न करता. पुनमने तिचा दंड धरला.

तिला त्या क्षणी नेमकं काय खटकलं, ते नंतर नीट सांगता आलं नाही. एवढं आठवत होतं, की तिच्या स्वतःच्या ओरडण्याचा विहिरीत घुमारा उठला होता आणि मनसारामच्या बोलण्याचा उठत नव्हता. तो आवाज घुमत नव्हता, धापा टाकत नव्हता, खोकत नव्हता. आणि दोर. गाळ काढणाऱ्या माणसाचा दोर सारखा हलतो. हा उभा लोंबत होता, ताठ.

"ओढा," ती लटारूला म्हणाली. "ओढा! आत्ता!"

लटारूने ओढलं. आणखी दोघांनी हात लावला. विनोदही धावला. ओझं जड होतं. ते हळूहळू वर येत होतं आणि खालून मनसाराम म्हणत होता, "येतो, येतो."

आधी पांढरे केस दिसले. मग मान, ती छातीवर पडली होती. त्याला कठड्यावर घेतलं तेव्हा त्याच्या नाकातोंडातून काळं तेल ओघळलं आणि फरशीवर पसरलं. अंगणात एकच आकांत झाला. कुणी पाणी आणा म्हणत होतं, कुणी छाती दाबत होतं, बाया ऊर बडवत होत्या. गिरजाबाई तेवढी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती. तिने मान वळवली होती, विहिरीकडे.

कारण खालून पुन्हा आवाज आला होता. एकदाच, हळू. "ये ना."

पुनमने तो ऐकला. गिरजाबाईने ऐकला. आणखी कुणी ऐकला असेल तर त्याने कधी तसं तोंडातून काढलं नाही.

७

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना पुनम बाहेर व्हरांड्यात भेटली. थकलेले, तरुण होते. "खाली पोचल्या पोचल्याच गेला असणार," ते म्हणाले. "अशा विहिरीत दोन श्वासांच्या वर माणूस टिकत नाही."

"डॉक्टर, तो बोलत होता. बराच वेळ बोलत होता."

"तुम्हाला तसं वाटलं असेल."

निकेशसरही तेच म्हणाले, पण मायेने. घाबरलेल्या माणसाला क्षण म्हणजे तास वाटतो, पुनम. विहिरीत आवाज फिरत राहतो. तू सुट्टी घे थोडी. पुनमने सगळं ऐकून घेतलं. ती स्वतःही दुसऱ्या कुणाला हेच म्हणाली असती. तिने मनाशी एकेक गोष्ट जुळवून पाहिली: वेळेचा भास, आवाजाचा घुमारा, उन्हाची काहिली, वासाने चढलेली गुंगी. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी बसत होती. बसल्यावरही खाली काहीतरी उरत होतं, आणि ते तसंच राहत होतं.

विहीर बुजवायचा हुकूम निघाला. टिप्परने मुरूम आणून ओतला, वर रोलर फिरवला. बोअर सिमेंटने कायमच्या बंद करायच्या होत्या. ते काम पुनमचं होतं. दुसऱ्या कुणाला पाठवा, असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही.

८

खालच्या बोअरपासून सुरुवात करून ती एकेक बुजवत वर आली. सिमेंट कालवायचं, नरसाळ्याने पाइपात ओतायचं, वरून थापी मारायची. सांदवाडीतली बोअर तेवढी उरली तेव्हा दुपार डोक्यावर आली होती. मजुरांना तिने जेवायला पाठवलं आणि विनोदला जीप सावलीत लावायला सांगितलं.

मागचं दार उघडं होतं. गिरजाबाई बोअरच्या पाइपाशेजारी जमिनीवर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. कुलूप तोडलेलं, झाकण बाजूला पडलेलं. ती बोलत होती. साधं, रोजचं. लटारूच्या गाईला वासरू झालं. टँकर काल आलाच नाई. पुनमला पाहून ती उठली.

"बसा बाई. पानी आनतो तुमच्यासाठी." तिकडे बाईमाणूसही असंच, आनतो, जातो म्हणतं. ती आत गेली.

पुनम पाइपापाशी गुडघ्यांवर बसली. ओतण्याआधी आत किती तेल चढलंय ते पाहणं गरजेचं होतं. एवढ्यापुरतं पाहायचं, असं तिने ठरवलं. तिच्या पिशवीत लहान आरसा असायचा. आरशाने उन्हाचा कवडसा आत टाकला की पाइपाच्या तळापर्यंत दिसतं, हे खेड्यातल्या पोरालाही माहीत असतं. तिने कवडसा आत सोडला आणि एक डोळा लावून पाहिलं.

खूप खाली तेलाचं चकतीएवढं वर्तुळ चकाकत होतं. त्यात पाइपाचं तोंड दिसत होतं, पांढरं आभाळ दिसत होतं आणि काठावर तिच्या स्वतःच्या डोक्याची काळी गोलाई. आणि तिच्या शेजारी आणखी एक डोकं, तसंच आत वाकून पाहणारं.

"मावशी, जरा सरका," ती म्हणाली. "उजेड अडतोय."

"मी इथी हाय, बाई," गिरजाबाई घरातून म्हणाली. भांड्यांचा आवाज झाला. "आली, आली."

पुनमला मान वळवता आली नाही. शेजारी कुणी नव्हतं, हे तिला न पाहताही कळत होतं; खांद्याला ऊन लागत होतं. ती हलली, तसं वर्तुळातलं तिचं डोकं हललं. दुसरं हललं नाही. मग ते सावकाश एका बाजूला कललं, माणूस कान देऊन ऐकतो तेव्हा मान कलते तसं.

आरसा तिच्या हातातून गळाला, पाइपाच्या कडेवर आपटून मातीत पडला.

गिरजाबाई पेला घेऊन आली. पुनमचा चेहरा पाहून तिने पेला खाली ठेवला आणि तिच्याजवळ टेकली. सिमेंटची पाटी तिने पाहिली होती.

"हे बंद नोका करू," ती म्हणाली.

"मावशी, तो भाऊ नाही. खाली जे आहे ते भाऊ नाही."

"मालूम हाय."

पुनमने मातीत पडलेला आरसा उचलून पिशवीत टाकला.

"मले काय समजत नाई का? मानूस मीच जाळला ना." गिरजाबाई पाइपाच्या कडेवरून हळूहळू बोट फिरवत होती. "तो नाई हाय. पन आवाज त्याचाच हाय ना बाई. मले कोन हाय बोलाले? एवढा एक राहू द्या."

अंगणाकडून मजुरांचं बोलणं ऐकू येत होतं. पुनमने थापी उचलली. पाटीत सिमेंट घट्ट होऊ लागलं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर ते ओतताही आलं नसतं. तिने जोर केला असता, मजुरांना हाक मारली असती, तर गिरजाबाईला कुणीही धरून बाजूला केलं असतं. ते करायला हवं होतं. पण ह्या बाईचं पाणी तिने नेलं होतं, माणूस नेला होता. आता हे उरलंसुरलं आपल्याच हाताने बुजवायचं म्हटल्यावर तिने थापी पुन्हा पाटीत टाकली.

"काय बोलतो तो?" तिने विचारलं.

"इचारते."

"काय विचारतो?"

"गावात कोन कोन हाय. कोनाच्या घरी किती मानसं. मंग मी सांगतो. बोलाले काईतरी पाह्यजेच ना." गिरजाबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, लेकीच्या गुडघ्यावर ठेवावा तसा. "काल इचारून राह्यला होता, ते खड्डे करनारी बाई कोन होय म्हने. मी नाई सांगतला. पुनमबाईचा नाव मी कायले सांगू? चंदरपूरचा लेकरू ते. तिचा काय—"

ती थांबली.

ती पाइपाला लागूनच बसली होती. झाकण उघडं होतं. तिचा हात पुनमच्या गुडघ्यावर तसाच राहिला आणि बोटं गार पडत गेली.

खालून काही आवाज आला नाही. दोघी कान देऊन बसल्या. बोललेलं कुणीतरी नीट ऐकून घ्यावं, तेवढीच ती शांतता होती.

मग पुनम उठली. पाटीतलं सिमेंट तिने कुंपणापाशी ओतून टाकलं, थापी पुसली आणि गिरजाबाईने आणलेलं पाणी ती प्यायली. झाकण तिने पाइपावर नुसतं ठेवलं. ते आवळलं नाही.

जीपजवळ विनोद झाडाखाली घाम पुसत उभा होता. "झालं का मॅडम सगळं बंद?"

"झालं," पुनम म्हणाली, आणि मागे न पाहता आत बसली.